सांगणाऱ्याची खुर्ची

हेमचंद्र टिपणीसांच्या तेराव्याला खदानीवरची माणसं आली, आणि सुनेत्राला वाटलं की आपल्याच वडिलांच्या घरात आपण पाहुण्यासारखे बसलो आहोत.

अंबरनाथ पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. चपलांची रांग जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत उतरली होती. बदलापूरच्या पलीकडे डोंगर फोडून काळा दगड काढतात, त्या खदानीवरची ही माणसं. कोणी ड्रिलवर, कोणी सुरुंगावर, कोणी डंपरवर, बायका खडीच्या क्रशरवर. हेमचंद्र तिथे एकतीस वर्षं फोरमन होते. निवृत्तीचं वय उलटल्यावरही मालकानं त्यांना सुरक्षेचं काम पाहायला ठेवून घेतलं होतं. एक एक माणूस फोटोपाशी जाई, हात जोडी आणि मग भिंतीला टेकून बसून काहीतरी सांगू लागे. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. साहेब माझ्या पोराच्या बारशाला पायी आले. साहेब हसले की आम्हाला दिवसभर पुरायचं.

सुनेत्रा ऐकत होती. तिनं आपल्या वडिलांना कोणाच्या खांद्यावर हात ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. हसताना पाहिलं होतं, पण ते रेडिओशी.

कोपऱ्यात एक बाई बसली होती, सुनेत्राच्याच वयाची, चाळिशीच्या उंबरठ्यावरची. हिरवी सुती साडी, उन्हानं रापलेला चेहरा. सुरुंग लावण्याआधी खदानीच्या रस्त्यावर लाल बावटा धरून उभी राहते ती चिमी. ती सगळ्यांत कमी बोलली आणि सगळ्यांत जास्त रडली. जाताना तिनं सुनेत्राचा हात धरून विचारलं, "ताई, इरा आता दुसरीला ना? तिचा सायकलीवरनं पडून फुटलेला ढोपर बरा झाला का?"

इरा म्हणजे सुनेत्राची मुलगी. ढोपर फुटल्याचं सुनेत्रानं वडिलांना फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं, आणि त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं होतं. ते वाक्य ही बाई जपून ठेवून बसली होती.

माणसं गेल्यावर अवधूत, तिचा नवरा, म्हणाला की नशीबवान माणूस, एवढी माया मिळवली. सुनेत्रा पेले विसळत राहिली. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. पण त्याच्यावरून जिवंत माणसांचा हेवा करता येतो, आणि त्या हेव्याला उतरायला जागा नसते. तो अंगातच राहतो, बारीक तापासारखा.

त्यात आणखी एक गोष्ट होती. शेवटचं बोलणं कधी झालं, असं येणारा जाणारा विचारत होता, आणि ती प्रत्येकाला सांगत होती : गुरुवारी. ते खरं नव्हतं. शेवटचा फोन शनिवारी संध्याकाळी आला होता. आनंदनगरच्या ज्या औषधांच्या कारखान्यात ती गुणवत्ता खात्यात होती, तिथे सोमवारी ऑडिट होतं आणि ती फायलींत बुडालेली होती. बाबांनी विचारलं, "उद्या येतेस का?" ती म्हणाली की ऑडिट आहे, पुढच्या रविवारी नक्की. ते "बरं" म्हणाले. रविवारी सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, कोणी उघडलं नाही, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका.

शनिवारच्या फोनबद्दल तिनं अवधूतलाही सांगितलं नव्हतं.

*

घर आवरताना तिला टेबलावर एक वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाड, कडा काळवंडलेल्या. पानांमधून दगडाची बारीक भुकटी सांडली. पहिल्या पानावर बाबांचं टपोरं अक्षर होतं, शिसपेन्सिलीनं आखलेले रकाने होते. काय घडलं. का घडलं. काय बदललं.

पहिली नोंद एकोणीस वर्षांपूर्वीची. "सुरुंग उडाल्यावर ठरलेली वेळ न थांबता मी आत गेलो. दारू भरलेलं एक भोक उडायचं राहिलं होतं. जनूने कॉलर धरून मागे ओढलं. का : घाई. शिवाय साहेबाला कोण अडवणार, हा माझा समज. बदल : यापुढे मलाही अडवायचं. हे. टि."

त्याखाली नियम लिहिले होते, चारच. थोडक्यात निभावलं असं काही घडलं की सांगायचं. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. कोणी केलं हे विचारायचं नाही, का झालं हे विचारायचं. आणि चौथा, शाई थोडी वेगळी, बहुधा नंतर सुचलेला : सांगणाऱ्यानं खुर्चीत बसायचं, ऐकणाऱ्यानं चहा करायचा.

पुढची सगळी वही म्हणजे माणसांची कबुली होती. दोरी न बांधता वरच्या कड्यावर गेलो. ब्रेक लागत नव्हता, तरी फेरी मारली. भोंगा ऐकू आला नाही, कारण कानात गाणी होती. रात्री प्यालो होतो, सकाळी हात थरथरत होता, तरी ड्रिल धरलं. प्रत्येकाखाली बाबांनी काय बदललं ते लिहिलं होतं, आणि अधूनमधून एखादी ओळ जास्तीची : "खरं बोलला. बरं वाटलं." "याला घरी सोडायला गेलो." "चहा दोनदा."

सुनेत्रानं पंधराएक पानं वाचली आणि वही मिटली.

चहा. आई गेल्यावरही डबा लावला, पण बाबांनी घरात कधी गॅससुद्धा पेटवला नव्हता. बंद झाला आहे की नाही, हे मात्र रात्री दोनदा पाहायचे. ती अकरा वर्षांची असताना तिच्या हातून दूध करपलं होतं. दूध ठेवून ती पुस्तक वाचत बसली होती. पातेलं काळं ठिक्कर पडलं. ते तिनं माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे लपवलं. भाद्रपदात मखर काढताना ते बाबांच्याच हाती लागलं. ते ओरडले नाहीत. आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, एवढंच. आई म्हणाली, करपवलंस म्हणून नव्हे गं, लपवलंस म्हणून. सुनेत्रा त्यातून एकच शिकली, पुढच्या वेळी नीट लपवायचं. आणि तेव्हापासून ती सगळं नीट लपवत आली होती. नापास झालेली चाचणी, सोडून दिलेली पहिली नोकरी, इराच्या आधीचं न टिकलेलं मूल.

इकडे एक दारू प्यालेला ड्रिलवाला खुर्चीत बसून चहा पीत होता. दोनदा.

तिनं वही पिशवीत घातली आणि बदलापूरला आपल्या घरी नेऊन कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली.

*

महिन्याभरानं एका शनिवारी दुपारी चिमी आली. पत्ता विचारत विचारत आली होती. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. सुनेत्रानं पाणी दिलं. चिमी सोफ्याच्या अगदी कडेला बसली, आणि बराच वेळ खदानीवरचं सांगत राहिली. साहेबांच्या जागी देवदत्त नावाचे नवे अधिकारी आले आहेत, शिकलेले, माणूस वाईट नाही. त्यांनी छापील फॉर्म आणले आहेत. त्यात नाव लिहायचं, सही करायची, खाली साक्षीदाराची सही. महिना झाला, एकही फॉर्म भरला गेलेला नाही. देवदत्त साहेबांना वाटतं, खदानीवर सगळं छान चाललं आहे.

सुनेत्राला हसू आलं, कारण तिच्या कारखान्यातही असेच फॉर्म होते आणि तेही असेच कोरे होते.

"ताई, साहेबांची वही गावली का?" चिमीनं शेवटी विचारलं. "ती कवाच केबिनच्या बाहेर नाय न्यायचे. त्या शनवारी तेवढी घरा नेली. आमी नवी वही आनली, पन नव्या वहीत पयला कोन लिवनार? जुनीत पयली चूक साहेबांची हाय. ती बघून मानूस लिवतो."

सुनेत्रानं आतल्या खोलीकडे पाहिलं. चिमीला काय वाटलं कोण जाणे, ती घाईनं म्हणाली, "तुमी वाचा आदी. घाई नाय. पन शेवटपातुर वाचा, मंग द्या."

सुनेत्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माझ्या वडिलांची वही मी कुठपर्यंत वाचायची हे ही मला सांगणार. तिनं विचारलं, साहेब तुम्हाला बरंच काही सांगत असतील ना? आवाज अगदी सरळ ठेवून विचारलं.

चिमीला त्यातली धार लागली नाही. उलट तिचा चेहरा खुलला. ती सांगू लागली की साहेब नव्या माणसाला आधी पातेल्याची गोष्ट सांगायचे. त्यांच्या मुलीनं लहानपणी दुधाचं पातेलं करपवलं आणि बापाच्या धाकानं लपवलं. साहेब म्हणायचे, पातेलं करपलं ही पोरीची चूक. पण तिला लपवावंसं वाटलं ही माझी. घरात मला ते उशिरा कळलं, खाणीत उशीर करून चालणार नाही, इथे पातेलं नाही, माणूस करपतो. "ती गोष्ट आयकली का कोनी बी बोलायला लागायचा," चिमी म्हणाली. "तुमच्यामुलंच सुरू झाली बगा ती वही."

खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी हे सांगितलं होतं. डंपरवाल्यांना, क्रशरवरच्या बायकांना, चार महिने टिकून निघून जाणाऱ्या परप्रांतीयांना. ज्या एका माणसाला सांगायचं, ते माणूस एका स्टेशनाच्या अंतरावर, बदलापूरला राहत होतं आणि दर रविवारी त्यांच्यासमोर बसून वरणभात जेवत होतं.

"वही सापडली नाही," सुनेत्रा म्हणाली. "रद्दीत गेली असेल."

चिमी तिच्याकडे पाहत राहिली. मग उठली, पदर सावरला आणि दारात चपला घालताना म्हणाली की शेंगा कोवळ्या आहेत, आजच करा.

*

त्यानंतर पंधरा दिवस सुनेत्राला कपाट उघडताना वही दिसत नव्हती, तरी दिसत होती. कारखान्यात एका मुलीनं नमुन्याच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली आणि कोणाला कळायच्या आत बदलली. सुनेत्रानं ते पाहिलं. मुलीनंही पाहिलं की बाईंनी पाहिलं. दोघी काही बोलल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सुनेत्रानं डबा न उघडताच परत ठेवला.

मग एका शुक्रवारी दुपारी चिमीचा फोन आला. वहीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. जनूदादा सरकारी दवाखान्यात आहे, एवढं कळवायला केला, म्हणाली. बाबांची कॉलर धरून ओढणारा जनू. सकाळी डोंगर कापून केलेल्या वरच्या पायरीवरून एक धोंडा निसटला आणि खाली ड्रिल लावत बसलेल्या जनूच्या पायाला घासून गेला. सात टाके पडले. हातभर अलीकडे आला असता तर टाके घालायला माणूस उरला नसता. आणि त्या धोंड्याला तडा गेल्याचं दोन दिवसांपूर्वीच कोणीतरी पाहिलं होतं. कोणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं.

"मग त्यानं सांगितलं का नाही?" सुनेत्रानं विचारलं.

"कोनाला सांगनार, ताई?" चिमी म्हणाली, आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सुनेत्रा वही घेऊन एकटीच अंबरनाथच्या घरी गेली. तिथेच वाचायची, असं तिच्या मनानं घेतलं होतं. बाबांच्या टेबलाशी बसून तिनं सोडलेल्या पानापासून सुरुवात केली आणि या वेळी थांबली नाही. जागोजाग तेच येत होतं, "हिला धीर दिला", "याच्या आईला फोन केला", तरी थांबली नाही. शेवटच्या भरलेल्या पानावर बाबांचं अक्षर नव्हतं. निळ्या बॉलपेननं, शाळेत सातवीपर्यंत गिरवलेलं, ओळ सोडून वर चढणारं अक्षर होतं. तारीख शुक्रवारची, ते गेले त्याच्या दोन दिवस आधीची.

"काल साहेबांच्या छातीत दुखलं. घाम आला. पाऊण तास केबिनमध्ये पडून होते. घरी सांगू नको बोलले. मी नाही सांगितलं. का : त्यांनी शपथ घातली. पण हे बरोबर नाही. साहेब दुसऱ्याला असं करू देत नाहीत."

सुनेत्रानं ते पुन्हा वाचलं. नाव नव्हतं, पण ही चिमीच, हे तिला कळलं. पहिल्यांदा जे वर आलं ते दुःख नव्हतं. तिला सांगितलं. छातीत दुखलं ते तिला सांगितलं. वही तिनं भिंतीवर फेकली असती. पण खाली आणखी चार ओळी होत्या, आणि त्या टपोऱ्या अक्षरात होत्या.

"शनिवार. वरची नोंद वाचली. बरोबर आहे. सुनेत्राला फोन केला. सांगणार होतो. ती कामात होती. उद्या येतेस का, एवढंच विचारलं. दुखतंय हे सांगितलं नाही. का : "

त्यापुढे बराच वेळ पेन टेकवून ठेवल्यासारखा शाईचा ठिपका होता. आणि मग एक शब्द. "सवय."

"काय बदललं" हा रकाना कोरा होता.

खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. सुनेत्रा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चिमीनं आपलं काम केलं होतं. वही कधी बाहेर न नेणारा माणूस ती का घरी घेऊन आला होता, ते आता कळत होतं. त्यांनीही अर्ध्यापर्यंत आपलं काम केलं होतं. निरोप माणसामागून माणूस करत थेट तिच्या कानापर्यंत आला होता, आणि तिथे येऊन पडला होता. शेवटपातुर वाचा, असं ती बाई म्हणाली होती. ते हक्क गाजवणं नव्हतं. तोंडानं बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून वहीकडे बोट दाखवलं होतं.

*

सोमवारी तिनं रजा टाकली आणि स्कूटर काढली. बदलापूर गाव मागे पडलं, वीटभट्ट्या गेल्या, मग रस्ता पांढुरका होत गेला. दोन्ही बाजूंच्या झाडांवर पिठासारखी भुकटी. लहानपणी बाबा तिला इथे आणत नसत. लहान मुलांची जागा नाही, म्हणायचे. तिला वाटायचं, तिथे बाबांचं दुसरं घर आहे. ते तसं फारसं चुकीचं नव्हतं.

केबिन पत्र्याची होती. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला. खाली उतरताना ज्याचा त्यानं घ्यायचा, वर आल्यावर परत लावायचा, एक खिळा जरी रिकामा असला तरी सुरुंग लावायचा नाही. एका बाजूला गॅसची लहान शेगडी, डबे, गाळणी. आणि टेबलामागे एक वेताची, हातांची खुर्ची. देवदत्त शेजारच्या स्टुलावर बसून लिहीत होते. दीड महिना झाला तरी त्या खुर्चीत बसायची त्यांची छाती झाली नव्हती, हे दिसत होतं.

काम सुरू व्हायला अजून अवकाश होता. आठदहा माणसं दारात, खिडकीत उभी होती. जनू, पायाला पांढरं बँडेज, घरी बसवत नाही म्हणून आलेला. चिमी बावट्याची काठी पुसत होती. सुनेत्राला पाहून तिचा हात थांबला.

सुनेत्रानं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. येताना तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"ही माझ्याकडेच होती," ती म्हणाली. "रद्दीत गेली नव्हती. मी खोटं बोलले."

तेवढ्यात जनू लंगडत पुढे आला, खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं वेताची खुर्ची पुसली आणि मागे ओढली. "बसा."

"मी खाणीवरची नाही, जनूदादा."

"सांगला ना तुमी? मंग बसा. हितं सांगनारा हुबा ऱ्हात नाय."

ती बसली. खुर्ची डाव्या बाजूला किंचित कलत होती. बाबाही घरी सोफ्यावर असेच डावीकडे कलून बसत. चिमीनं काठी भिंतीला टेकवली, शेगडीपाशी गेली आणि कोणाकडे न पाहता पातेल्यात पाणी घातलं.

"का झाला?" जनूनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. पावसाळ्यात छप्पर कुठून गळतंय हे विचारावं तसं विचारलं.

सुनेत्रानं वहीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुमचा हेवा वाटला. ते इथे होते तसे माझ्या वाट्याला आले नाहीत. निदान वही तरी माझ्याकडे राहावी, असं वाटलं."

देवदत्तांनी मान खाली घातली. दारातल्या कोणीतरी घसा साफ केला. जनू नुसता मान हलवत राहिला, जणू असं कारण वहीत आधीही येऊन गेलं होतं. आणि मग सुनेत्रा थांबायची ती थांबली नाही. कोणी विचारलं नव्हतं, तरी तिनं शनिवारच्या फोनचं सांगितलं. उद्या येतेस का, ऑडिट, पुढच्या रविवारी, बरं. सगळं मिळून चार वाक्यं होती. दोन महिने ती चार वाक्यं तिनं माळ्यावर ठेवली होती.

चिमी पाठमोरी होती. तिचे खांदे हलले. "मीच गुरवारी फोन कराला पायजे व्हता," ती शेगडीकडे बघून म्हणाली.

"कोनी केला ते नाय विचारायचा," जनू म्हणाला. "का झाला ते बोला." आणि सुनेत्राकडे वळून त्यानं पुन्हा तेच विचारलं.

"रविवारी मी आपणहूनच जायचे, त्यांनी याआधी मला कधीच बोलावलं नव्हतं," सुनेत्रा म्हणाली. "त्यामुळे ते बोलावताहेत, हे मला कळलंच नाही."

चिमीनं चहाचा पेला आणून तिच्या हातात दिला. दोघींची बोटं क्षणभर एकाच पेल्याभोवती होती. चहात आलं होतं, दूध बेताचं होतं, तो उत्तम होता. सुनेत्राला मात्र तो उत्तम असल्याचं वाईट वाटलं, कारण तिला दुसऱ्याच कोणाच्या हातचा हवा होता, आणि तो या खोलीतल्या प्रत्येकानं प्यालेला होता. हे ती कोणाला बोलली नाही. एका दिवसात सगळंच सांगून होत नाही.

जनूनं वही तिच्यापुढे सरकवली, पेन ठेवलं. बाबांच्या "सवय" या शब्दाखाली तिनं तारीख घातली, आणि जे बोलली होती तेच थोडक्यात लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी ती अडली. काय बदललं, हे तिला अजून माहीत नव्हतं. रकाना तिनं कोराच ठेवला.

पेला अर्धा झाला होता तेव्हा दारातल्या माणसांतून एक जण पुढे सरकला. भावेश, डंपरचा ड्रायव्हर, तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. तो जनूच्या बँडेजकडे पाहत होता.

"मना पन सांगाचा हाय," तो म्हणाला. "त्या धोंड्याचा."

कोणी हललं नाही. सगळे सुनेत्राकडे पाहत होते, आणि तिला उमगायला एक क्षण लागला की ते तिच्याकडे नाही, खुर्चीकडे पाहत आहेत. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव जळला, ती जागा तिला अर्ध्या पेल्यापुरतीच मिळाली होती. ती उठली. भावेश कडेकडेनं येऊन बसला.

"आता ऐकणारे आपण," देवदत्त हळूच म्हणाले आणि शेगडीकडे निघाले. पण सुनेत्रा आधीच तिथे पोचली होती. तिनं पातेलं विसळलं, पाणी घातलं, गॅस पेटवला. साखरेचा डबा हातात घेऊन तिनं चिमीला विचारलं, "बाबा किती घालायचे?"

चिमीनं नाक पुसलं. "चार चमचे. पावडर आदी, साकर मंग, दूध थंडच. साहेबांचा चहा लय बेकार व्हता, ताई."

सुनेत्रानं अगदी तसाच केला. आधी पावडर, मग चार चमचे साखर, वर थंड दूध. पातेल्यापासून ती हलली नाही, उकळी येईस्तोवर नजर काढली नाही. मग गाळून पेला भावेशपुढे ठेवला.

भावेशनं एक घोट घेतला, त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं जनूकडे पाहिलं, जनूनं चिमीकडे. "त्योच," भावेश म्हणाला, आणि पेला दोन्ही हातांत धरून सांगायला लागला.